ऑरेंजचा रेड होईपर्यंत

आमच्या घरात बोलणं कमी आणि हातवारे जास्त. याचं कारण भांडण नाही, माग. इचलकरंजीत आमचं घर म्हणजे मागाच्या शेडला लागून असलेली एक खोली. मधे एका विटेची भिंत. पलीकडे यंत्रमाग सुरू झाले की अलीकडे फळीवरची भांडी थरथरायची आणि पेल्यातल्या पाण्यावर गोल गोल वलयं उठायची. आप्पा त्या शेडमध्ये दुसऱ्याचे माग चालवायचे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. आई त्याच शेडच्या कोपऱ्यात कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची लहानशी गुंडाळी. ती संपली की माग थांबतो, माग थांबला की कापड थांबतं, आणि कापड थांबलं की मजुरी. त्यामुळे पाळी सुरू असताना माझे आईवडील कधी बाहेर आले नाहीत. नात्यात कुणी वारलं तरी बातमी घेऊन आलेला माणूस पाळी संपेपर्यंत दारात उभा.

शेडमध्ये कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून मागवाले ओठांवरून बोलतात. बारीकसारीक गोष्टींना खुणा आहेत. दोन बोटं हवेत फिरवली की कांडी संपली. अंगठा ओठाला लावला की चहा. उपडा पंजा हवेत कापल्यासारखा फिरवला की बंद. त्याहून मोठं काही सांगायचं असेल तर आवाज काढायचा नाही, नुसता ओठांचा आकार करायचा, सावकाश, मोठ्ठा. आप्पांचे कान मी शाळेत असतानाच निम्मे गेले होते, पण शेडच्या पार त्या टोकाच्या माणसाचे ओठ ते समोर बसल्यासारखे वाचायचे.

माझा प्रत्येक निकाल मी शेडच्या दारातून सांगितला आहे. दारात उभं राहायचं, आप्पांची नजर फिरेपर्यंत थांबायचं, आणि ओठांनी म्हणायचं: पहिली. आप्पा एक हात मागावर ठेवून दुसऱ्या हातानं स्वतःचाच खांदा थोपटायचे. म्हणजे शाबास. माझा खांदा थोपटायचा तर त्यांना माग सोडून यावं लागलं असतं. दहावी, बारावी, सांगलीतलं इंजिनिअरिंग, सगळे निकाल त्या दारातून गेले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. आप्पा चौथी, आई सहीपुरती. हे मी कुठेही सांगते. जरा जास्तच सांगते, असं माझी मैत्रीण म्हणते.

तिच्याकडे येतेच. आधी विमानतळ.

२०२० सरत आलं तेव्हा मी एम.एस्सी.साठी आयर्लंडला निघाले. आई-आप्पा मुंबईपर्यंत सोडायला आले. आत कुणाला सोडत नव्हते, आणि जो तो मास्क लावून. दाराशी पोचल्यावर मी वळून आप्पांना काहीतरी म्हणाले. त्यांनी भुवया वर केल्या. मी पुन्हा म्हणाले. त्यांनी मान हलवली. कळणार कसं, ओठच झाकलेले. "मास्क काढ की गं जरा!" ते एवढ्या मोठ्यांदा ओरडले की आजूबाजूची माणसं बघायला लागली. दाराशी उभ्या जवानानं मला बोटानं पुढे व्हायची खूण केली. ती खूण आप्पांना बरोबर कळली. त्यांनीही हातानं म्हटलं, जा.

मी काय म्हणाले होते ते राहूनच गेलं. नंतर फोनवर त्यांनी विचारलं होतं, पण फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही आणि ते वाक्य मला ओरडून सांगायचं नव्हतं.

इथं आल्यावर सगळं कॉलेज लॅपटॉपमध्ये. एका भाड्याच्या घरात मी आणि माझी मैत्रीण शेजारशेजारच्या खोल्यांत बसून एकाच वर्गाला हजर राहायचो. ती पुण्याची. वडील इंजिनिअर, आई शाळेत मुख्याध्यापिका, आजोबाही कुठल्याशा कॉलेजात प्राचार्य. तिच्या घरात डिग्री म्हणजे वाढदिवसासारखी. वय झालं की येते.

मला तिचा हेवा वाटायचा. सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. तिच्या कपड्यांचा नाही, इंग्रजीचा थोडासा, आणि मार्कांचा तर मुळीच नाही, मार्क माझे जास्त होते. हेवा वाटायचा तो तिच्या रोजच्या फोनचा. फोन ओट्यावर उभा करून ती भाजी चिरायची आणि पलीकडून तिची आई म्हणायची, "अगं, बारीक चीर, किती धसमुसळी!" पाच-पाच मिनिटं कुणी काही बोलायचंच नाही. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या, इकडे हिची सुरी. एवढं ऐकू येण्यातली चैन तिला माहीतच नव्हती. कधी फोन वाजला तर ती वैतागून म्हणायची, "आई पण ना यार, सारखं काय!" आणि उलटा ठेवायची. तो उलटा ठेवलेला फोन मला सुलटा करून ठेवावासा वाटायचा.

माझा फोन आठवड्यातून एकदा, शेडला सुट्टी असेल त्या दिवशी. व्हिडिओ लावायचा, पण चुलत्याचा फोन स्वस्तातला, चित्र अडकायचं, आणि आप्पांना ओठ नीट दिसायचे नाहीत. मग आई मधे बसून माझं बोलणं त्यांच्या कानात ओरडायची. "जेवलीस का, म्हणत्यात." "जेवले." "जेवली म्हणं!" असा आमचा संवाद.

कोर्स संपला. मैत्रीण डब्लिनला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली आणि तिथल्याच टॅला उपनगरात राहायला गेली. मला पश्चिमेकडच्या शॅननच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नोकरी लागली. २०२१च्या डिसेंबरात पदवीदान ठरलं, आणि ते खरोखरच्या सभागृहात. गाऊन, टोपी, स्टेजवर नाव पुकारणार, प्रत्येकाला पाहुण्यांच्या दोन खुर्च्या. वर्षभर लॅपटॉपसमोर शिकलेल्या आम्हाला त्या सभागृहाचं काय अप्रूप होतं म्हणून सांगू.

तिचे आईबाबा पुण्याहून आले. माझे येण्याचा प्रश्नच नव्हता. आप्पांकडे पासपोर्ट नव्हता, आणि मागावरून इतके दिवस उठायचं असतं ही कल्पनाही नव्हती. कॉलेज माझ्या घरापासून जवळ, शेजारच्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, म्हणून मैत्रीण म्हणाली, "आम्ही तुझ्याकडेच उतरतो गं, चालेल ना?" मी म्हटलं, "चालेल की." तोंडातून हो गेलं आणि मग रात्रभर मीच मला विचारत बसले, कशाला हो म्हणालीस?

ती तिघं डब्लिनहून बसनं आले त्याच दिवशी वादळाची बातमी आली. इथं वादळांना माणसांसारखी नावं देतात. पण शेजारच्या घरात राहणाऱ्या माझ्या घरमालकीणबाईंनी त्याचं नाव एकदाही घेतलं नाही. त्या त्याला 'युअर मॅन' म्हणायच्या, जसं गावातल्या एखाद्या उपद्व्यापी माणसाबद्दल बोलावं तसं. "युअर मॅन परवा सकाळी पोचतोय," त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. "कचऱ्याचे डबे आत घ्या, फोन चार्ज करून ठेवा, फ्लास्कमध्ये पाणी उकळून ठेवा. बाकी यू'ल बी ग्रँड." ग्रँड म्हणजे इथं नुसतं 'ठीक'. मग त्या आपल्या नातवंडांचं ट्रॅम्पोलिन दोरीनं कुंपणाला बांधायला गेल्या.

काकांनी, म्हणजे मैत्रिणीच्या बाबांनी, लगेच फोनवर नकाशा काढला. काउंटीगणिक रंग भरलेला. पश्चिमेच्या किनाऱ्याला ऑरेंज, डब्लिनकडे यलो, उत्तरेला डोनेगलकडे बर्फाचा इशारा. खाली कुठं काय होणार त्याची वर्णनं: किनाऱ्यावर लाटा रस्त्यावर येतील, झाडं पडतील, वीज जाईल, प्रवास टाळा. काका ते बातम्या दिल्यासारखं मोठ्यांदा वाचत होते. "आपण ऑरेंजमध्ये. कॉलेजही ऑरेंजमध्ये. कॉलेजचा मेल आहे, ऑरेंज असेपर्यंत कार्यक्रम होणार, रेड झालं तर रद्द. होईल, होईल. ऑरेंज म्हणजे काही विशेष नाही."

काकू बॅग उघडून बसल्या होत्या. भाजणी, मेतकूट, चिंतामणी रंगाची पैठणी, पेढ्यांचे दोन पुडे, आणि मऊ कापडात गुंडाळलेलं चांदीचं निरांजन. "हिच्या आजीचं आहे," काकू म्हणाल्या. "हिच्या बाबांना डिग्री मिळाली तेव्हा यानंच ओवाळलं होतं."

बघा. म्हणजे ओवाळायची भांडीसुद्धा पिढीजात.

जेवताना काकांनी विचारलं, "तुझे वडील काय करतात गं?"

"माग चालवतात, काका."

"अरे वा! हँडलूम! ऐकलंस का," ते काकूंना म्हणाले, "यांच्याकडे जायला हवं एकदा, तुझं पैठण्यांचं वेड..."

"हँडलूम नाही, काका. पॉवरलूम. दुसऱ्याचे. अस्तराचं कापड निघतं. तुमच्या कोटाच्या आत असेल बघा."

काकांनी खरंच खुर्चीवरच्या कोटाकडे पाहिलं. मैत्रीण हसली, "बाबा, झालं ना समाधान? ही अशीच बोलते." मग ती भात कालवत माझ्याकडे न बघता म्हणाली, "अगं, एक विचारायचं होतं. लंडनहून माझी मावशी आणि तिचे मिस्टर यायचं म्हणतायत. तुझ्या त्या दोन खुर्च्या तू काय करणार आहेस?"

"काही नाही."

"म्हणजे देशील?"

"नाही."

"पण रिकाम्याच राहणार ना?"

"राहू देत रिकाम्या."

"अगं पण..."

"आई-आप्पांच्या आहेत त्या. ते नसले तरी त्यांच्याच."

काकू म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं," आणि मला आणखी आमटी वाढली. त्यांनी बाजू घेतली याचाही मला राग आला. चांगली आई असणं काय आणि चांगलं वागणं काय, या बाईला सगळंच कसं जमतं?

त्या संध्याकाळी मी अंथरुणावर पडून नकाशा बघत होते आणि मला कळलं की मला रेड हवा आहे. मनापासून हवा आहे. कार्यक्रम झाला तर काय होणार ते मला दिसत होतं. ती स्टेजवर जाणार, काका उभे राहून व्हिडिओ काढणार, काकू डोळे पुसणार. नंतर बाहेर लॉनवर तिघांचा फोटो, आणि तो काढणार मी. मग काकू म्हणणार, "ये गं, तूही ये," आणि मी त्यांच्या कडेला उभी राहणार, लग्नात करवलीच्या मैत्रिणीनं उभं राहावं तशी. नाही झाला तर सगळे सारखे. त्यांनाही स्क्रीन, आम्हालाही स्क्रीन. मी नकाशा खाली ओढून पुन्हा पुन्हा ताजा करत होते, हॉल तिकीट आलं का बघावं तसा. ऑरेंज. ऑरेंज. ऑरेंज.

दुसऱ्या दिवशी आप्पांचा फोन आला, माग सुरू असायच्या वेळेला. तिकडे वीज गेली होती म्हणून शेड बंद. चुलत्याच्या मोबाईलवरच्या बातम्यांत युरोपातल्या वादळाचं काहीतरी आलं होतं.

"तिकडं वादळ हाय म्हणं!" आप्पा ओरडले. "पत्रं घट्ट हाईत का बघ!"

"आप्पा, इथं पत्रं न्हाईत!"

आईनं कानात ओरडून सांगितलं.

"मग काय उडणार?"

"वीज जाती म्हणत्यात!"

"वीज व्हय!" आप्पा हसले. "एवढंच? आनि उद्याचं तुजं ते?"

"बघू. वाऱ्यावर हाय."

हे आईनं कानात सांगितल्यावर त्यांचं हसू थांबलं. "असं कसं," ते आईला म्हणाले, मला ऐकू जाणार नाही असं समजून, आणि म्हणून चांगलं मोठ्यांदा. "उद्या मी मालकाला सांगून बाहीर बसनार हाय. त्याच्या पोराचा नवा फोन घेऊन. त्यात चित्र थांबत न्हाई."

मला ते माहीत नव्हतं. आप्पांनी चालू पाळीत कुणाला तरी मागावर उभं करून माझं नाव पुकारलेलं बघायचं ठरवलं होतं. कॉलेज कार्यक्रम ऑनलाइनही दाखवणार होतं, ते मीच मागे आईला सांगितलं होतं. फोन ठेवला आणि मग नकाशा उघडायची माझी हिंमत होईना.

काकांनी उघडला. दुपारच्या चहाला ते खोलीतून बाहेर आले ते फोन पुढे धरूनच. "झालं रेड," ते म्हणाले. "आपली क्लेअर काउंटी, आणि शेजारची कॉलेजचीही. आणि कॉलेजचा मेलही आला." पदवी उद्याच, ठरल्या वेळीच, पण सभागृहात कुणी यायचं नाही, नावं ऑनलाइन पुकारणार, प्रमाणपत्र पोस्टानं.

मला आनंद झाला. झाला, नाही कशाला म्हणू? तो मी चहाच्या कपात तोंड घालून लपवला. मैत्रीण जिन्याच्या पायरीवर बसून रडायला लागली. "एवढ्या लांबून आलात आणि मी तुम्हाला परत लॅपटॉपच दाखवायचा!" काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. काकांचा सूट इस्त्री करून दाराला अडकवलेला होता. ते त्याच्याकडे बघत, बाहीवरची नसलेली सुरकुती हातानं सपाट करत राहिले. लंडनच्या मावशीचं विमानही रद्द झालं होतं. सगळे सारखे झाले होते, आणि तरी रडायला तिला आईचा खांदा होताच. माझा आनंद चहा संपेपर्यंतही पुरला नाही.

सकाळी वारा आला. तो असा एकदम येत नाही. आधी लांब कुठंतरी कुणी जड कपाट ओढतंय असं वाटतं, मग ते कपाट तुमच्या घरावर. समोरच्या घराचा कचऱ्याचा डबा रस्त्यावरून एकटाच चालत गेला. घरमालकीणबाईंचं ट्रॅम्पोलिन दोरीसकट कुंपणाला हिसके देत होतं. दिवस उजाडूनही उजेड आला नव्हता.

काकूंनी आम्हा दोघींना साड्या नेसायला लावल्या. काकांनी सूट घातला, टायसकट, आणि पायात घरातल्या स्लिपर. सोफ्यावर चौघं, पुढे टीपॉयवर मैत्रिणीचा लॅपटॉप. मी माझ्या फोनवर आप्पांना लावलं. ते शेडच्या बाहेर, दारालगत खुर्ची टाकून बसले होते, आई मागे उभी. मागे माग धडधडत होते. म्हणजे ऐकू तर तसंही काही येणार नव्हतं. मी फोन वळवून लॅपटॉपचा पडदा त्यांना दिसेल असा धरला.

नावं आडनावाच्या अक्षरानं. मैत्रिणीचं सुरुवातीलाच होतं. पुकारलं. उच्चार जरा वाकडा, पण स्पष्ट, खणखणीत. काका उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले, एकटेच, बैठकीच्या खोलीत. काकूंनी निरांजन लावलं, तिला ओवाळलं, पेढा भरवला. मी बाजूला सरकून जागा करून दिली. माझं आडनाव शेवटाकडे. मी अक्षरं मोजत बसले होते. 'एम' चालू होता. मग वीज गेली.

मला वाटलं, हे असंच असणार. तिचं झालं, आता दिवे गेले. वरच्यानंसुद्धा तिच्याच बाजूनं वेळ साधावी!

आमच्याकडे वीज गेली की माग थांबतात आणि अचानक शांतता पडते. लहानपणी मला त्या शांततेत बोलता यायचं नाही, आम्ही सगळेच आणखी थोडा वेळ हातांनी बोलत राहायचो. इथं उलटं झालं. फ्रिज, हीटर, सगळं गप्प झालं आणि वाऱ्याचा आवाज घरात शिरला. धुराड्यातून, पत्रपेटीच्या फटीतून, खिडकीच्या रबरामागून. आम्ही शेजारी बसून एकमेकांना ऐकू येईनासे झालो.

मैत्रिणीनं तिच्या फोनचं नेट लॅपटॉपला जोडलं. चित्र आलं, आवाज नाही. पडद्यावर एकामागून एक नावांच्या पाट्या सरकत होत्या, नुसत्या, मुक्या. कुणी बोलतंय का, काय बोलतंय, काही नाही. काका माझ्या कानाशी येऊन ओरडले, "आवाज नाही, पण पाटी दिसेल! लक्ष ठेव!"

आणि माझं नाव आलं. इंग्रजीत, पूर्ण, मधे आप्पांचं नाव, शेवटी आडनाव. थोडा वेळ थांबलं आणि गेलं. कुणी पुकारलं नाही. पुकारलं असेल तर आम्ही ऐकलं नाही.

मी फोन माझ्याकडे वळवला. माझ्या फोनचाही आवाज बंद पडला होता, फक्त चित्र होतं, तेही आप्पांचं. त्यांच्या बाजूनं त्यांना काळं दिसत असावं, कारण ते डोळे बारीक करून फोन नाकाशी नेत होते. खोलीत अंधार. ओठ दिसत नव्हते. पुन्हा तेच, विमानतळासारखं.

"काय झालं?" मैत्रीण माझ्या कानाशी ओरडली.

"त्यांना माझे ओठ दिसायला पाहिजेत!"

"काय?"

मी तोंडाभोवती बोट फिरवून दाखवलं. तिला काय कळलं कोण जाणे, पण तिनं झटकन तबकातलं निरांजन उचललं आणि माझ्या हनुवटीपाशी धरलं. दुसरा हात ज्योतीभोवती, वारा लागू नये म्हणून. माझ्या तोंडावर उजेड पडला. इचलकरंजीत आप्पांचा चेहरा मागे सरकला आणि स्थिर झाला. बघतायत ते.

मी ओठांनी म्हणाले, सावकाश, मोठ्ठं: झालं. नाव आलं.

त्यांनी मान हलवली. कळलं. मग त्यांनीही नुसते ओठ हलवले: कितवी?

मला हसू आलं. मी म्हणाले: इथं नंबर नसतो, आप्पा.

ते म्हणाले: मग पहिलीच धरतो.

मग मी ते वाक्य म्हणाले, विमानतळावरचं. मास्कच्या आत राहिलेलं. तेव्हा म्हणाले होते, 'घेऊनच येते.' आता म्हणाले: तेव्हा म्हणाले होते, डिग्री घेऊनच येते. घेतली.

आप्पा काही वेळ तसेच बसले. चित्र अडकलं की काय म्हणून मी घाबरले, पण मागे आईचा पदर हलत होता. मग त्यांचा उजवा हात वर आला आणि त्यांनी स्वतःचा खांदा थोपटला. एकदा, दोनदा. मग आईनं मागून हात घालून त्यांचा तोच खांदा थोपटला. ती दोघं किती वेळ तसं करत होती ते सांगता येत नाही, लाइन तुटली.

मैत्रिणीनं निरांजन खाली ठेवलं नव्हतं. तूप तिच्या बोटावर ओघळलं होतं. वारा जरा दमला तेव्हा तिनं विचारलं, "काय बोललात एवढं?"

"काही नाही. निकाल सांगितला."

"आवाज नसताना?"

"आम्ही असंच बोलतो. शेडमध्ये."

ती सोफ्याकडे बघायला लागली. तिथं काका मोबाईलवर कंपनीतल्या कुणाला तरी 'मुलीचं पदवीदान झालं' असा मेसेज लिहीत होते. "बाबा आणि मी," ती म्हणाली, "मार्क सोडून काही बोललोच नाही बहुतेक कधी." आणि पुन्हा माझ्या फोनकडे पाहिलं, काळ्या पडलेल्या. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. वर्षभर आरशात तेच तर बघत होते.

मला ते बघून बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

काकूंनी मला ओवाळलं. त्याच निरांजनानं, जेवढं तूप उरलं होतं तेवढ्यात. पेढा भरवला. फ्लास्कमधल्या पाण्याचा चहा झाला, काका स्लिपर घालून सुटाबुटात तो पीत होते आणि म्हणत होते, "युअर मॅन गेला वाटतं." तो गेला नव्हता. संध्याकाळपर्यंत धिंगाणा घातला त्यानं, घरमालकीणबाईंचं ट्रॅम्पोलिन शेवटी कुणाच्या तरी छपरावर सापडलं. दोन दिवसांनी वीज आली, ती तिघं डब्लिनला गेली. जाताना मैत्रीण म्हणाली, "ती खूण शिकव ना मला. खांद्याची." मी म्हटलं, "ती शिकवून येत नाही." मग मलाच कसंतरी वाटलं आणि दाखवली. बस सुटताना तिनं काचेमागून करून दाखवली, चुकीच्या हातानं.

प्रमाणपत्र जानेवारीत पोस्टानं आलं. मी त्याचा फोटो काढून आईला पाठवला. आईनं तो मालकाकडून छापून घेऊन शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला लावला, जिथं मी निकाल सांगायला उभी राहायचे तिथं.

मी एम.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली.